डोक्यास मार लागल्यावर

गेल्या आषाढांत कोलशेतास आमच्या घरासमोरच एक तरुण स्कूटरवरून घसरला. क्षणांत माणसें जमलीं. एकानें हिसका देऊन हेल्मेट काढलें, दुसऱ्यानें कांदा फोडून नाकाशीं धरिला, आणि सांगावयास लाज वाटते, पाण्याचा तांब्या घेऊन पुढें सरसावलों ते आम्हीच! तरुण उठून बसला, 'मला कांहीं झालें नाहीं, काका' म्हणाला व घरीं गेला. दोन तासांनीं त्यास वांत्या सुरू झाल्या, शुद्ध हरपूं लागली. कवटीखालीं सांचलेलें रक्त त्याच रात्रीं शस्त्रक्रियेनें काढलें, म्हणून तो वांचला.

मधल्या त्या शुद्धीनेंच आम्हां सर्वांस फसविलें. सुश्रुतसंहितेंत कान व कपाळ यांमधील 'शंख' हें सद्यःप्राणहर मर्मांत गणिलें आहे. आम्हीं तें तरुणपणीं पाठ केलें होतें. अर्थ मात्र त्या रात्रीं डॉक्टरांकडून कळला. तेथील हाड पातळ, आणि त्याच्या आंतल्या अंगास लागूनच एक धमनी जाते. हाड तडकून ती फाटली कीं रक्त सांचत जातें, व मेंदूवर दाब पडेपर्यंत मनुष्य शहाण्यासारखा बोलत राहूं शकतो.

तेव्हां वाचकहो, जखमीस जागींच आडवें राहूं द्यावें. मानेसही इजा असूं शकते, म्हणून एकानें दोन्ही हातांनीं डोकें व मान सरळ धरावी. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढूं नये. वांती होऊं लागल्यास डोकें, मान व धड एकदमच कुशीवर वळवावें. पाणी, चहा, कांहींच देऊं नये. घोट श्वासनलिकेंत उतरतो. जखमेवर स्वच्छ फडकें दाबावें. मात्र हाड खचलेलें दिसल्यास दाब नको, आणि कानानाकांतून रक्त वा पाणी येत असल्यास बोळा कोंबूं नये. अपघाताची वेळ लिहून ठेवावी.

१०८ क्रमांकास फोन प्रथम करावा. घोडबंदर रस्त्यावरील खोळंबा कोणास ठाऊक नाहीं? पोलिसांचें भय बाळगणाऱ्यांनीं जाणावें कीं, २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्यानें मदतकर्त्यावर नांव सांगण्याचीही सक्ती नाहीं.

तपासून घरीं पाठविलेल्यावरही चोवीस तास नजर असावी. वाढती डोकेदुखी, पुनःपुन्हां वांती, झापड, झटके, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. रक्त पातळ करणारें औषध घेणारा वृद्ध न्हाणीघरांत पडून त्याचें डोकें आपटलें, तर खोक नसली तरी न्यावेंच. आम्ही स्वतः ती गोळी घेतों; सूनबाईंनीं तिचें नांव चिठ्ठीवर लिहून आमच्या पाकिटांत ठेविलें आहे.