वेडी बाभूळ ओळखावी कशी?

नांदेडहून लातूरकडे निघालेल्या प्रवाशाने खिडकीबाहेर नजर टाकली, तर ओढ्यांच्या काठी, तलावांच्या कडेला आणि गावाबाहेरच्या पडीक जागेत एक काटेरी रान ऐन वैशाखातही हिरवेगार राहिलेले त्याला दिसते. बरोबरच्या मुलाने "हे कसले झाड?" असे विचारले, की आपण "बाभूळ" असे सांगून मोकळे होतो. काटा दिसला की बाभूळ, असा आपला, म्हणजे आपणां सुशिक्षितांचाही, ढोबळ समज आहे. हा समज किती महाग पडतो हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. म्हणून ती चूक प्रथम आपल्यापुढे मांडतो.

मी शाळेवर असताना एके वर्षी आम्ही श्रमदानाचा कार्यक्रम आखला. गावाच्या ओढ्याकाठची वेडी बाभूळ काढावयाची, असे ठरले होते. वर्गातील थोराड मुले कुऱ्हाडी घेऊन आली. कोणते झाड तोडावयाचे हे दाखविण्याचे काम माझ्याकडे होते, आणि मी काटे पाहून बोट दाखवीत गेलो. दुपारपर्यंत ओढा मोकळा झाला. तेवढ्यात शेजारच्या शेतातील एक म्हातारे गृहस्थ आले, एका पांढुरक्या बुंध्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि म्हणाले, "गुरुजी, येडी समजून शान्याला तोडलंत की!" तो बुंधा हिवराचा होता. हिवर हे आपल्या भूमीतील जुने झाड. माझ्याहून त्याचे वय अधिक असावे. त्या दिवशी मुलांना पुस्तकातील वनस्पतिशास्त्र शिकविणारा मी, ओढ्याकाठच्या परीक्षेत नापास झालो.

ही वेडी बाभूळ मूळची आपल्या देशातील नव्हे. मेक्सिको, मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग व कॅरिबियन बेटे ही तिची जन्मभूमी. १८७७ च्या सुमारास तिचे बी त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील कडप्पा जिल्ह्यात पेरले गेले. उजाड माळावर सरपण मिळावे हा त्यामागील हेतू होता, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तर तिला राजवृक्षाचा मान दिला. पुढे कच्छमधील बन्नीच्या गवताळ प्रदेशात, खारे वाळवंट पुढे सरकू नये म्हणून, १९६० नंतर तिची लागवड झाली. आणि ज्या कुरणांचे तिने रक्षण करावयाचे, तीच कुरणे तिने व्यापून टाकली. गुजराती लोक तिला 'गांडो बावळ' म्हणतात. गांडो म्हणजे वेडा. दोन भाषांतील लोकांनी एकाच झाडाला वेडे ठरवावे, यातच सर्व आले.

तथापि ती परदेशी आहे एवढ्यावरून तिला दोष देणे न्यायाचे नाही. मिरची, भुईमूग, पेरू, सीताफळ ही सर्व अमेरिका खंडातूनच आली, आणि आज त्यांच्यावाचून आपला स्वयंपाक अडतो. विलायती चिंचही तिकडचीच. प्रश्न जन्माचा नसून वर्तनाचा आहे. वेडी बाभूळ जेथे शिरते तेथे दाट जाळी करते, खालचे गवत मरते, गुरांची वाट अडते, आणि देशी झाडांच्या रोपांना ऊन मिळत नाही. तिचा पाला गुरे सहसा खात नाहीत, म्हणून ती चरून संपत नाही; शेंगा मात्र गोड असल्याने शेळ्या-मेंढ्या त्या आवडीने खातात. आतील कठीण बी न पचता लेंडीबरोबर बाहेर पडते आणि नव्या जागी रुजते. अशा रीतीने जो कळप रान राखतो असे आपण मानतो, तोच या झाडाचा पेरणीदार होतो.

असा प्रकार केवळ आपल्याकडेच घडला असे नाही. इंग्लंडात शेतांच्या कुंपणासाठी हॉथॉर्न नावाचे काटेरी झुडूप लावण्याची जुनी रीत आहे. इंग्रज वसाहतवाल्यांनी ते ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये नेले. पक्ष्यांनी त्याची तांबडी फळे खाल्ली आणि बिया रानोमाळ टाकल्या. अमेरिकेच्या वायव्य भागात तर हे परके हॉथॉर्न आणि तेथील मूळचे हॉथॉर्न शेजारी शेजारी उगवतात. तेथे जाणता मनुष्य काट्यावर विसंबत नाही. तो फळ फोडून पाहतो. परक्याचे फळ तांबडे व आत बहुधा एकच कठीण बी. मूळच्याचे फळ पिकून काळे होते व आत बिया अनेक. तात्पर्य, शत्रू ओळखण्यापूर्वी मित्र ओळखता आला पाहिजे.

आता आपल्या रानाकडे वळू. वेडीशी ज्यांची गल्लत होते अशी मुख्य झाडे तीन: देशी बाभूळ, हिवर आणि शमी. यांच्या खुणा पाच ठिकाणी शोधाव्यात.

पहिली खूण बुंध्याची. देशी बाभळीला बहुधा एकच खोड, त्याची साल काळपट व उभी भेगाळलेली, आणि तीवर डिंक. हिवराची साल फिकट, पांढुरकी. वेडीला मात्र बहुतेक वेळा जमिनीपासूनच अनेक खोडे फुटतात, फांद्या कमानीसारख्या खाली वाकतात, आणि कोवळी डहाळी नागमोडी वळणे घेत जाते.

दुसरी खूण काट्याची; आणि येथेच माझी फसगत झाली. वेडी, देशी बाभूळ व हिवर या तिघांचेही काटे सरळ असून पानाच्या बुडाशी जोडीने येतात. तेव्हा नुसत्या काट्यावरून निवाडा करू नये. शमीचे काटे तेवढे निराळे: आखूड, बुडाशी रुंद, आणि पानांच्या मधल्या डहाळीवर विखुरलेले. खैराचे काटे आकड्यासारखे असतात, आणि बोरीच्या जोडीतील एक काटा सरळ तर दुसरा वाकडा असतो.

तिसरी खूण पानाची. ही वर्षभर हाताशी असते, म्हणून सर्वांत उपयोगी. एक पान देठापासून खुडून तळहातावर ठेवावे. मुख्य देठावर कंगव्यासारख्या फण्या जोडीजोडीने फुटलेल्या दिसतील, त्या मोजाव्यात. वेडीच्या पानात फण्यांची बहुधा एकच जोडी, क्वचित दोन किंवा तीन. आणि तिची पानुकली सुमारे एक सेंटिमीटर किंवा थोडी अधिक लांब. देशी बाभळीत तीन ते सहा किंवा अधिक जोड्या, आणि पानुकली अगदी बारीक. हिवरात जोड्या त्याहूनही अधिक. शमीत बहुधा दोन जोड्या, व पाल्याला राखट झाक.

चौथी खूण फुलाची. देशी बाभळीचे फूल म्हणजे पिवळा, सुवासिक, गोल गोंडा. हिवराचे गोंडेही गोलच, पण फिकट, आणि पावसाळ्यात फांद्यांच्या टोकाशी त्यांचे मोठे झुबके येतात. वेडीचे फूल गोल नसतेच; तिला लांबट, पिवळसर तुरा येतो. शमीलाही तुराच येतो, म्हणून या दोघींत फुलावर विसंबू नये.

पाचवी खूण शेंगेची. देशी बाभळीची शेंग करड्या लवेची, दोन बियांमध्ये आवळलेली, जणू ओवलेली माळच. शमीची शेंग बारीक, लोंबती. वेडीची शेंग जाडसर व चपटी असून पिकली की पिवळी व गोड होते, आणि आपोआप उकलत नाही.

येथे एक गंमत सांगतो. नावाने ही बाभूळ असली तरी नात्याने ती शमीला जवळची. वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघींना दीर्घकाळ 'प्रोसोपिस' या एकाच प्रजातीत गणत आले. २०२२ मध्ये वेडीला 'नेल्टुमा' या वेगळ्या प्रजातीत घालण्यात आले. म्हणून दसऱ्याला शमीपूजनासाठी बाहेर पडणाऱ्यांनीही काटे व शेंगा नीट पाहून मगच हात जोडावेत.

या पाचांपैकी निदान तीन खुणा जुळल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नये, असा नियम मी त्या दिवसानंतर स्वतःला घालून घेतला. आणि कुऱ्हाड उचलली तरी काम संपत नाही. वेडी वरून छाटली की बुडातून दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखालच्या खोडाच्या गड्ड्यासह ती खणून काढावी लागते. लहान रोपे पावसाळ्यात, जमीन ओली असताना, शेंग धरण्यापूर्वी उपटावीत. शिवाय मोकळी जागा तशीच सोडू नये. मातीतील जुने बी पुन्हा उगवते. तेथे लगोलग देशी झाड लावून ते जपावे. अनेक गरीब घरांची चूल याच झाडावर पेटते, हेही विसरता कामा नये. त्यांच्या सरपणाची सोय पाहून, टप्प्याटप्प्याने हे काम व्हावे हे बरे.

श्रोतेहो, लातूर शहराच्या शेजारी बाभळगाव आहे. नांदेड जिल्ह्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. ज्या झाडाच्या लाकडाचे नांगर व गाड्या झाल्या, ते देशी झाड आपल्या पूर्वजांनी गावांच्या नावांतून जपून ठेवले. आपल्या नातवंडांना ते नाव तेवढे ठाऊक असावे आणि झाड ओळखू येऊ नये, असे होऊ नये. पुढील रविवारी मुलांना घेऊन गावाबाहेर जा. एक पान खुडा आणि फण्या मोजा. तोडलेला तो हिवर मला परत उभा करता येत नाही. परंतु आपल्यापैकी एकाने जरी चुकीच्या झाडावर उगारलेला हात वेळीच आवरला, तरी त्याचे थोडे ऋण फिटले असे मी समजेन.