हिशेब लागत नाही म्हणजे...

टीव्हीवर युद्धाची बातमी आली की आपल्या घरात रिमोटचं बटण दाबलं जातं. ‘मोठ्या देशांच्या भांडणातलं आपल्याला काय कळतंय?’ असं आपणच म्हणून मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, २००३ चं इराक युद्ध आपल्याला कळायला काहीच हरकत नाही. कारण ते सुरू झालं एका न लागलेल्या हिशेबावरून.

थोडं मागे जाऊ या. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत गिळला. १९९१ च्या युद्धात त्याला तिथून हाकललं आणि युनोने अट घातली, की रासायनिक, जैविक, अण्वस्त्रं असं सगळं नष्ट करायचं आणि आमचे तपासनीस येऊन खात्री करतील. सद्दाम काही गरीब गाय नव्हता. १९८८ मध्ये हलब्जा गावात आपल्याच देशातल्या कुर्द लोकांवर त्याच्या फौजेने विषारी वायू सोडला, हजारो माणसं मेली. त्यात बायका होत्या, तान्ही मुलं होती. अशा माणसावर कोण विश्वास ठेवणार?

आणि या शहाण्याने केलं काय, तर १९९१ मध्येच बरीचशी अस्त्रं गुपचूप नष्ट करून टाकली! साक्षीला कुणी नाही, धड नोंदी नाहीत. जैविक अस्त्रांबद्दल तर १९९५ पर्यंत तो कानांवर हात ठेवत होता. १९९८ च्या डिसेंबरात तपासनीस बाहेर पडले, पाठोपाठ अमेरिका-ब्रिटनचे बॉम्ब पडले आणि पुढे चार वर्षं तपासणी बंद.

११ सप्टेंबर २००१ चा हल्ला अल कायदाने केला होता, सद्दामने नाही. पण त्यानंतर वॉशिंग्टनच्या बोलण्याचा सूरच पालटला. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस टीव्हीवर जे म्हणाल्या, त्याचा अर्थ असा, की पक्का पुरावा मिळायची वाट बघत बसलो आणि तो पुरावा म्हणजे अणुबॉम्बचा ढगच निघाला तर? किती चलाख वाक्य आहे बघा. पुरावा मागणाराच वेडा ठरतो!

८ नोव्हेंबर २००२ रोजी सुरक्षा परिषदेच्या पंधराच्या पंधरा देशांनी ठराव केला आणि तपासनीस पुन्हा इराकमध्ये गेले. त्यांचे प्रमुख होते स्वीडनचे हान्स ब्लिक्स, वय चौऱ्याहत्तर. इराकने सुमारे १२,००० पानांचं बाड दिलं, तरी जुना मेळ बसेना. ब्लिक्सनी इराकला चांगलं सुनावलं, की मस्टर्ड वायू तयार करणं म्हणजे मुरंबा घालणं नव्हे, किती केला नि कुठे गेला याची नोंद ठेवावी लागते. (मुरंब्याची बरणी कुणी किती रिकामी केली याचीही नोंद आपण ठेवतो, ते सोडा!)

पण याच ब्लिक्सनी १४ फेब्रुवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेला दुसरी गोष्टही सांगितली. हिशेब लागत नाही, म्हणून ती अस्त्रं आहेतच अशी उडी मारू नका. इराकमधली सगळी गोम या एका वाक्यात आहे.

बचत गटांच्या कामात मी हे पाहिलं आहे. एका गटाच्या वहीत सहाशे रुपयांचा फरक आला. बैठकीच्या सुरुवातीला बायका म्हणत होत्या, ‘अगं, मेळ बसत नाहीये.’ चहा येईपर्यंत त्याचं झालं, ‘पैसे गेले कुठे?’ आणि उठताना, ‘अध्यक्षबाईंनीच खाल्ले असणार.’ वाक्य कधी बदललं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे पासबुकात नोंद सापडली, पण तोवर ती बाई गट सोडून गेली होती.

अमेरिकेतही तेच झालं, फक्त तिथे हातात फौज होती. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत एक इवलीशी कुपी उंच धरून दाखवली. चहाच्या चमचाभराहूनही कमी अँथ्रॅक्स किती अनर्थ करतो, हे त्यांना सांगायचं होतं. कुपी इराकमधून आलेली नव्हती, नुसती दाखवायला आणली होती. पण जगाच्या लक्षात राहिली ती कुपीच!

मार्चमध्ये इराक ठरलेल्या पल्ल्याहून लांब जाणारी क्षेपणास्त्रं तपासनिसांच्या देखत मोडत होता. त्या दात कोरायच्या काड्या नाहीत, खरी अस्त्रं मोडली जाताहेत, असं ब्लिक्स सांगत होते. उरलेल्या कामाला त्यांनी काही महिने मागितले. इराकने नायजरकडून युरेनियम घ्यायचा घाट घातला, असं दाखवणारी कागदपत्रं बनावट असल्याचं अणुऊर्जा संस्थेचे अल बरादेई यांनी ७ मार्चला जाहीर केलं. ऐकतो कोण? १७ मार्चला बुश यांनी सद्दाम आणि त्याच्या मुलांना ४८ तासांत देश सोडायला सांगितलं. तपासनीस निघाले, आणि २० मार्चला बगदादवर बॉम्ब पडू लागले.

आपल्या लोकसभेने एप्रिल २००३ मध्ये या युद्धाविरुद्ध ठराव केला. त्याआधी शब्दावरून खल झाला. सरकारला मवाळ इंग्रजी शब्द हवा होता, विरोधकांना कडक. शेवटी हिंदीतला ‘निंदा’ शब्द दोघांनाही चालला. मला तेव्हा याचं हसू आलं होतं. आता वाटतं, निदान आपल्याकडे शब्द तोलून तरी पाहिला.

इराकमध्ये पुढच्या काही वर्षांत लाखाहून जास्त सामान्य नागरिक मारले गेले. २००४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्याच तपास पथकाने अहवाल दिला, की अस्त्रांचे साठे नव्हते. मिळाले ते १९९१ च्या आधीचे जुनेपुराणे गोळे. कैदेतल्या सद्दामने चौकशीत सांगितलं, की शेजारच्या इराणला आपण दुबळे वाटू नये, म्हणून संशय राहू दिला. पॉवेल यांनी २००५ मध्ये आपलं ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचं कबूल केलं.

या प्रकरणात दोन बायकाही होत्या. रिहाब ताहा आणि हुदा अम्माश, दोघी शास्त्रज्ञ. ताहाबाईंनी एके काळी जैविक अस्त्रांचं काम केलं होतं, हे खरं. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी त्यांना ‘डॉक्टर जर्म’ आणि ‘मिसेस अँथ्रॅक्स’ अशी नावं पाडली. मे २००३ पासून त्या अमेरिकेच्या कैदेत होत्या. डिसेंबर २००५ मध्ये कोणताही आरोप न ठेवता दोघींना सोडून दिलं.