दुबई नको, मग कुठे?

बोरगाव म्हटलं की आपल्या वाचकांना निपाणीजवळचं बोरगाव आठवेल. हे बोरगाव ते नव्हे. हे मध्य प्रदेशातलं, सौंसर तालुक्यातलं. २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होतं, आता नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आलं आहे. नागपूरहून छिंदवाड्याला निघालं की वाटेत हा पट्टा लागतो. संत्र्याच्या बागा, औद्योगिक वसाहत आणि हिंदीचा हात धरून चालणारी मराठी. आपल्याकडे घरात मराठी आणि अंगणात कन्नड, तसं तिथे घरात मराठी आणि बाजारात हिंदी. सीमेवरची माणसं सगळीकडे सारखीच!

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन या बोरगावला गेली, त्याला आता पस्तीस वर्षं होतील. दाजी तिथल्याच एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते. आता निवृत्त झालेत. एकुलता एक मुलगा बंगळुरूला नोकरी करतो. गेल्या दिवाळीत मी चार दिवस त्यांच्याकडे होते. भाचाही आला होता आणि त्याच्याबरोबर त्याचा धारवाडचा मित्र. मुलगा मोठा गोड. सकाळी स्वयंपाकघरात येऊन मला विचारायचा, "मावशी, ऊट आयता?" आणि अक्काच्या हाताखाली खुशाल शेंगा सोलत बसायचा. इतक्या वर्षांनी घरात कन्नड ऐकून अक्काही हरखली होती.

भाऊबीजेच्या संध्याकाळी दुबईहून दाजींच्या पुतण्याचा फोन आला. "काका, सगळे या. तिकिटं मी काढतो." अक्का-दाजींनी विमानात कधी पाय ठेवलेला नाही. अक्काचा चेहरा उजळला. भाचा मात्र म्हणाला, "तुम्ही दोघं जा. आम्ही नाही येणार." का, ते सांगेना. अक्का रुसली. जेवणं मुकाट्यानं झाली.

रात्री अंगणात संत्री सोलत बसलो असताना भाचा बोलला. तो आणि धारवाडचा मुलगा पाच वर्षं एकत्र राहतात, जोडीदार म्हणून. अक्काला हे दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. दाजींनाही अंदाज होता. पण घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. दुबईमुळे तो उच्चारावा लागला.

"आई, तिथे आमचं नातं कायद्यानं गुन्हा आहे."

"हॉटेलात कोण विचारतंय? भाऊ आहेत म्हणून सांगू की," अक्का म्हणाली.

"आठ दिवस भाऊ म्हणून राहायचं असेल, तर घरीच बरं."

यावर कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं दाजी उठले, आतून वही-पेन्सिल घेऊन आले आणि म्हणाले, "मग कुठे जाता येईल ते बघू."

दाजींचे दोन प्रश्न

कारखान्यात दाजी प्रत्येक यंत्राबद्दल दोन प्रश्न विचारायचे. अपघात होण्याची शक्यता किती? आणि झालाच, तर नुकसान किती? शक्यता थोडी पण नुकसान मोठं, असं यंत्र ते कधी मोकळं सोडत नसत. वहीत त्यांनी तेच केलं. प्रत्येक देशापुढे तीन रकाने आखले: कायदा, रस्ता आणि मोह. कायदा काय म्हणतो, रस्त्यावरची माणसं कशी वागतात, आणि तिथे जावंसं का वाटतं.

दुबईचा मोह मोठा. घरचं माणूस, उंच इमारती, सोन्याचा बाजार. दर वर्षी लाखो पर्यटक जाऊन सुखरूप परततात, त्यात समलिंगी जोडपीही असतात. म्हणजे अपघाताची शक्यता थोडी. पण कुणी तक्रार केली, हॉटेलात भांडण झालं, दवाखान्यात जावं लागलं आणि नातं उघड झालं, तर पुढे खटला, तुरुंग किंवा हद्दपारी असं काहीही होऊ शकतं. तिथे नोकरी करणाऱ्या पुतण्यालाही झळ लागणार. दाजींनी दुबईवर काट मारली.

मालदीवचंही तसंच. निळं पाणी, लाकडी झोपड्या, नवविवाहितांच्या जाहिराती. प्रत्येक रिसॉर्ट वेगळ्या बेटावर, त्यामुळे तिथे कुणी फारसं पाहत नाही. पण देशाच्या कायद्यात समलिंगी संबंधांना शिक्षा आहे आणि तो कायदा रिसॉर्टच्या धक्क्यावर थांबत नाही.

एकाच मुळाचे कायदे

एक गोष्ट मला त्या रात्री नव्यानं कळली. मलेशिया, श्रीलंका, सिंगापूर आणि आपला भारत, इथले या बाबतीतले कायदे एकाच मुळातून फुटलेले. इंग्रजांनी १८६० मध्ये भारतीय दंडविधान केलं, त्यात कलम ३७७ घातलं आणि त्याच साच्यातली कलमं आपल्या इतर वसाहतींतही नेली. इंग्रज गेले, कलमं राहिली.

आपल्याकडे २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं संमतीनं एकत्र येणाऱ्या प्रौढांना ३७७ मधून वगळलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं अशा संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केलं. सिंगापूरनं आपलं कलम २०२२ मध्ये रद्द केलं. श्रीलंकेत ते अजून पुस्तकात आहे. मलेशियात तर वीस वर्षांपर्यंत कैद आणि फटके अशी तरतूद आहे. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं इंद्रधनुष्यी रंगांच्या घड्याळांवरसुद्धा बंदी घातली. क्वालालंपूरचे जुळे मनोरे पाहायला जाताना मनगटावर काय बांधलंय याचा विचार करायचा, हे अक्काला पटेना. इंडोनेशियानं २०२२ मध्ये मंजूर केलेला आणि २०२६ च्या जानेवारीपासून लागू झालेला नवा दंडविधान विवाहाबाहेरच्या सगळ्याच संबंधांना गुन्हा ठरवतो. त्यात तक्रार नवरा-बायको, आई-वडील किंवा मुलांनीच करायची असते. भाचा हसून म्हणाला, "म्हणजे बालीत आम्हाला तुमचीच भीती!" दाजीही हसले. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

दारं कुठे उघडी?

मग दुसरं पान उलटलं. आशियात तैवाननं सर्वात आधी, मे २०१९ मध्ये, समलिंगी विवाहाला मान्यता दिली. नेपाळात सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२३ च्या अंतरिम आदेशानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरात लमजुंग जिल्ह्यात पहिल्या विवाहाची नोंद झाली. थायलंडचा विवाह कायदा २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. भूताननं २०२१ मध्ये शिक्षेची कलमं काढून टाकली.

नेपाळसाठी आपल्याला व्हिसा लागत नाही, वर पशुपतिनाथाचं दर्शन, म्हणून अक्काचा ओढा तिकडे. थायलंड मुलांच्या मनात. समुद्र हवा, एवढी एकच दाजींची अट. तेव्हा मी मॉरिशसचं नाव काढलं.

मॉरिशसचं आणि मराठी माणसाचं नातं जुनं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर गेलेली मजूर कुटुंबं तिथे रुजली. त्यांच्या वंशजांनी भजनं आणि सण जपले. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आता कायदा पाहा. १८३८ च्या फौजदारी संहितेतलं कलम २५० पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा सांगत होतं. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं आणि हे कलम मॉरिशसच्या मातीतलं नसून वसाहतीच्या इतिहासातून आलेलं आहे, असं नमूद केलं. नोकरीत आणि सेवा देताना लैंगिक कलावरून भेदभाव करू नये, असा कायदा तर त्यांनी २००८ मध्येच केला होता. विवाहाला मान्यता मात्र नाही.

कायदा एक, रस्ता दुसरा

पण दाजींचा दुसरा रकाना उगीच नव्हता. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईमध्ये २०१८ साली समलिंगींची मिरवणूक विरोधकांमुळे निघू शकली नाही. दक्षिण आफ्रिकेची १९९६ ची राज्यघटना या बाबतीत जगात पहिली. तिथे २००६ पासून विवाहही होतात. तरी तिथल्या वस्त्यांमध्ये समलिंगी स्त्रियांवर हल्ले झाले आहेत. तुर्कस्तानात असे संबंध गुन्हा नाहीत, पण इस्तंबूलच्या मिरवणुकीवर २०१५ पासून बंदी घातली जाते. कागदावर दार उघडं असतं, पण उंबरठ्यावर कोण उभं आहे तेही पाहावं लागतं.

उलटही घडतं. आपल्याकडे ३७७ पूर्ण लागू होतं, तेव्हाही २००८ मध्ये बंगळुरूत लोक प्राइड मिरवणुकीला रस्त्यावर उतरले होते. बोरगावच्या माणसाला बाजारहाटासाठी जवळचं मोठं शहर नागपूर. तिथेही २०१६ मध्ये अशी मिरवणूक निघाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीतून या विषयावर लिहिलं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची, तर कन्नडमध्ये वसुधेंद्र यांचा 'मोहनस्वामी' २०१३ चा. आपल्या दोन्ही भाषांत हे बोलून झालं आहे. घरात बोलायचंच तेवढं राहतं.

निघण्यापूर्वी

त्या वहीतली आणि भाच्यानं सांगितलेली काही टिपणं वाचकांसाठी देते. ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांना उपयोगी पडतील. ज्यांना वाटतं की आपल्या घरात नाही, त्यांनीही वाचावीत.

जाहिरात पाहून तिकीट काढू नका. त्या देशाचा आजचा कायदा आधी पाहा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा पाहा. साठहून अधिक देशांत आजही हा गुन्हा आहे आणि कायदे दोन्ही दिशांनी बदलतात. २०२३ या एकाच वर्षी मॉरिशसनं कलम रद्द केलं आणि युगांडानं काही प्रसंगी मृत्युदंडापर्यंत जाणारा कायदा केला.

विमान वाटेत कुठे थांबतं तेही पाहा. काही तासांचा थांबा असला तरी, अगदी विमानतळावरसुद्धा, त्या देशाचा कायदा लागू होतो.

हॉटेलला आधीच लिहून एकच मोठा पलंग मागा. उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळतं. रात्री अकराला सामानासह काउंटरवर वाद घालण्यापेक्षा हे बरं.

मोबाइलमधल्या ओळखी जुळवणाऱ्या अ‍ॅपबाबत सावध राहा. इजिप्तमध्ये पोलिसांनी अशा अ‍ॅपवर खोटी नावं घेऊन लोकांना पकडल्याचं उघड झालं आहे.

परदेशात अटक झाली तर आपला दूतावास घरच्यांशी आणि वकिलाशी संपर्क करून देऊ शकतो, पण तिथला कायदा बाजूला सारू शकत नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे कागद. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे पाच वर्षं एकत्र राहिलेले दोघे कायद्याच्या लेखी आजही एकमेकांचे कुणी नाहीत. एक आजारी पडला तर दुसऱ्याला डॉक्टर काय म्हणून विचारणार? म्हणून प्रवासविम्यात आणि आपत्कालीन संपर्कात जोडीदाराचं नाव घाला, उपचाराचा निर्णय कुणी घ्यायचा याचं सही केलेलं पत्र जवळ ठेवा. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला खात्याचा नॉमिनी म्हणून नेमायला काही आडकाठी नाही, असं केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेही करून घ्या.

चौघांचं तिकीट

शेवटी मॉरिशस ठरलं. थायलंडचा कायदा अधिक मोकळा होता, हे दाजींनी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं. पण अक्काला जिथे गणपती आहे तिथे जायचं होतं आणि मुलांना जिथे भाऊ म्हणून सांगावं लागणार नाही तिथे. दोन्ही जमत होतं. सुरक्षिततेचे गुण पाहून ठिकाणं निवडायची आणि उरलेल्यांतून मनाजोगतं घ्यायचं, एवढाच तो हिशेब. आधी मोह आणि मग सुरक्षितता असा क्रम लावला की कुणाला तरी खोटं बोलावं लागतं, आणि बहुधा ते घरातल्या धाकट्यांच्या वाट्याला येतं.

दुबईच्या पुतण्याला अक्कानं दुसऱ्या दिवशी फोन केला. "आम्ही चौघं मॉरिशसला चाललोय, या वेळी तुझ्याकडे जमायचं नाही." चौथा कोण, असं त्यानं विचारलं असावं. अक्का क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तू सुट्टीत घरी ये, भेटवते."

निघायच्या दिवशी मी आवराआवर करत होते. दाजी चष्मा लावून प्रवासी कंपनीचा फॉर्म भरत होते. मुलाच्या नावापुढे आपत्कालीन संपर्क म्हणून त्यांनी धारवाडच्या मुलाचं नाव आणि नंबर लिहिला. पुढचा रकाना नात्याचा. तिथे पेन थांबलं.

"इथं काय लिहू रे?" त्यांनी आत हाक दिली.

भाचा बाहेर आला, फॉर्म पाहिला. जरा वेळानं म्हणाला, "पार्टनर लिहा, बाबा."

दाजींनी पेन सरसावलं. "स्पेलिंग सांग."