लिंबाच्या सालीतला सुगंध 🍋

सातारा-सांगलीकडं कागदी लिंबू पिळलं की साल थेट उकिरड्यावर. परफ्यूमवाल्यांचा जीव मात्र त्या सालीतच! साल दिव्याच्या ज्योतीजवळ दाबून बघा, बारीक ठिणग्या उडतात. ते सालीतलं सुगंधी तेल पेटतं. हे तेल दोन प्रकारे काढतात:

👉 साल दाबून: वास अगदी ताजा. पण यात बर्गाप्टेन नावाचं रसायन असतं, म्हणून तेल अंगाला लावून उन्हात गेलं तर कातडी भाजू शकते.

👉 वाफेवर: आंबट रसासोबत उकळताना लिंबाचा वास देणारं सिट्रल बदलतं आणि वास कोलासारखा गोडसर होतो. बर्गाप्टेन मागंच राहतं.

दारात लिंबाचं झाड असेल तर पानही चुरगाळून बघा, त्यातही सुगंधी तेल असतं. याच कुळातल्या कडू संत्र्याच्या पानांपासून ‘पेटिटग्रेन’ तेल निघतं.

#सुगंध #कागदीलिंबू