चिल्ले कलानचा कंटाळा, बदामाच्या फुलांची वाट

महाराष्ट्रात थंडीचे कौतुक फार. पारा जरा खाली उतरला, की हुरड्याचे बेत ठरतात, शेकोट्या पेटतात आणि कपाटाच्या तळाशी गेलेले स्वेटर हौसेने बाहेर निघतात. काश्मीरच्या खोऱ्यात मात्र हिवाळा म्हणजे सोसण्याचा आणि दिवस मोजण्याचा काळ. थंडीची मुदत तिथे घरोघरी तोंडपाठ असते आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत लहानथोर सारेच तिला विटून गेलेले असतात.

सत्तर दिवसांचा हिशेब

21 डिसेंबरला ‘चिल्ले कलान’ सुरू होतो. फारसीत ‘चिल्ला’ म्हणजे चाळीस दिवसांचा काळ आणि ‘कलान’ म्हणजे थोरला. तो सरला, की वीस दिवसांचा ‘चिल्ले खुर्द’, म्हणजे धाकटा, आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्ले बच्चा’. असे सत्तर दिवस मोजून झाले, की फेब्रुवारी संपतो.

या दिवसांत श्रीनगरचा पारा रात्री शून्याच्या बराच खाली जातो. 21 डिसेंबर 2024 रोजी तो उणे 8.5 अंशांवर आला होता. दल सरोवराचे काठ गोठतात, छपरांच्या कडांना बर्फाच्या सुळ्या लोंबतात, नळात पाणी थिजते. सकाळी नळाच्या नळीखाली कागद पेटवून ती शेकावी, तेव्हा कुठे पाण्याची धार सुरू होते. बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, पण बर्फ पडतो ती रात्र त्यातल्या त्यात उबदार असते. ढगांची दुलई जमिनीची ऊब धरून ठेवते. आकाश निरभ्र असले, की ती ऊब निसटते आणि खरा कडाका पडतो.

पहिल्या बर्फाचे मात्र खोऱ्यात स्वागतच होते. मुले बाहेर धावतात, नातलग एकमेकांना ‘नव शीन मुबारक’ म्हणतात. ‘शीन’ म्हणजे बर्फ. हा उत्साह काही दिवस टिकतो. मग छपरावरचा बर्फ ओढणे, अंगण मोकळे करणे, वाळता न वाळणारे कपडे आणि गेलेली वीज यांत तो विरून जातो.

फेरन, कांगडी आणि सुकवलेली वांगी

या थंडीशी दोन हात करण्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. वांगी, दुधी, टोमॅटो यांच्या चकत्या कडक उन्हात वाळवून ठेवतात. या वाळवणाला ‘होख स्युन’ म्हणतात. बर्फाने किंवा दरडींनी जम्मूचा रस्ता बंद पडला, की ताजी भाजी मिळेनाशी होते. तेव्हा घरच्या गृहिणीने बांधून ठेवलेली ही शिदोरीच कामाला येते. जुन्या श्रीनगरात पहाटे हरिसाची दुकाने उघडतात. मांस आणि तांदूळ रात्रभर मंद आचेवर शिजवून घोटलेला हा पदार्थ गरम रोटीबरोबर खाल्ला, की अंगात ऊब येते.

अंगात ढगळ लोकरी फेरन आणि त्याच्या आत कांगडी, हा हिवाळ्यातला ठरलेला वेश. वेताच्या विणीत बसवलेले मातीचे मडके म्हणजे कांगडी. त्यात कोळसा किंवा चिनारच्या पानांची कोळशी धुमसत असते. ही ऊब स्वस्त असली तरी निर्धोक नाही. पोटाशी आणि मांड्यांशी वर्षानुवर्षे निखारे धरल्याने कातडीचा कर्करोग होतो, हे डॉ. एल्म्स्ली यांनी 1866 मध्येच लिहून ठेवले होते. कोंदट खोलीत कोळसा पेटता ठेवून झोपल्याने विषारी वायूने माणसे दगावतात. थंडीच्या दिवसांत शेगडी जवळ घेणाऱ्या कोणत्याही घराने हे लक्षात ठेवावे. झोपण्यापूर्वी निखारे खोलीबाहेर न्यावेत आणि खिडकीची फट उघडी ठेवावी.

सरकारनेही या थंडीपासून पळ काढण्याची सोय केली होती. महाराजा रणबीरसिंह यांच्या काळात, 1872 मध्ये, दरबार हिवाळ्यात जम्मूला हलवण्याची प्रथा पडली. ती जवळजवळ दीडशे वर्षे, 2021 पर्यंत, सलग चालली. सामान्य माणसाला मात्र कुठे जाता येत नाही. तो खिडकीशी बसून ‘सोंथ’ची, म्हणजे वसंताची वाट पाहतो.

थंडी रुसली तर?

तरीही ही थंडी आलीच नाही, तर काश्मिरी माणूस आनंदत नाही. तो धास्तावतो. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार बर्फाविना उघडे पडले होते. पर्यटक हिरमुसले, घोडेवाले आणि बर्फगाडी ओढणारे रिकामे बसले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2025 मध्ये, अनंतनाग जिल्ह्यातील अच्छाबलचा प्रसिद्ध झरा आटला.

डोंगरावर साचणारा बर्फ ही खोऱ्याची पाण्याची कोठी आहे. उन्हाळ्यात तो हळूहळू वितळतो, झेलम आणि तिच्या उपनद्या भरतात आणि भाताच्या खाचरांना पाणी मिळते. सफरचंदाच्या झाडालाही थंडीत पुरेशी विश्रांती लागते. ती न मिळाल्यास बहर नीट येत नाही. फेब्रुवारीतच ऊन तापले, तर कळ्या फसून लवकर उमलतात आणि मागाहून आलेल्या हिवाने करपतात. कोवळ्या उन्हासाठी आसुसलेला बागाईतदार म्हणूनच ते ऊन वेळेआधी आले, की कपाळाला हात लावतो.

ताटात आलेला वसंत

वेळेवर आलेला वसंत मार्चच्या मध्यास पहिली खूण दाखवतो. श्रीनगरच्या हरी पर्वताच्या पायथ्याशी बदामवारी बागेत निष्पर्ण फांद्यांवर पांढरी-गुलाबी फुले येतात. लोक चहाचा सामोवार घेऊन कुटुंबासह बागेत जातात आणि महिनोन्‌महिन्यांनी उन्हात पाय पसरून बसतात. त्यानंतर झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्यूलिप फुलतात.

काश्मिरी पंडितांचे नववर्ष ‘नवरेह’ चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्याच दिवशी असते. आदल्या रात्री घरातील स्त्री एका ताटात तांदूळ, अक्रोड, दही, मीठ, फुले, नाणे, लेखणी, आरसा आणि नवे पंचांग मांडते. पहाटे डोळे उघडताच प्रत्येकाने प्रथम ते ताट पाहायचे. त्यात ‘वय’ नावाची कडू मुळीही असते. पाडव्याला कडुनिंब खाणाऱ्या मराठी माणसाला तिचा अर्थ सांगावा लागत नाही.

1990 मध्ये बहुसंख्य पंडित कुटुंबांना खोरे सोडावे लागले. महाराष्ट्राने विस्थापितांच्या मुलांसाठी महाविद्यालयांत जागा राखून ठेवल्याने त्यांतील अनेक जण पुण्या-मुंबईकडे शिकायला आले. या घरांत नवरेहचे ताट आजही मांडले जाते. बाहेर चैत्राचे ऊन रणरणत असते, पंखा फिरत असतो आणि घरातली वडीलधारी माणसे नातवंडांना छपरावरून घसरणाऱ्या बर्फाचा आवाज कसा असतो ते सांगत असतात. ज्या थंडीला ती एकेकाळी कंटाळली होती, तिच्या आठवणीने आता त्यांचा जीव कासावीस होतो.