दिल्लीला जाताना प्रश्न सोबत घ्या!

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीची सूचना निघते. दिल्ली-आग्रा अभ्यास सहल, संसद भवन, राष्ट्रपती भवन, इंडिया गेट. वर्गणी अमुक, शेवटची तारीख तमुक. वर्गात एकच गोंगाट होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र ती सूचना वहीत उतरवते आणि घरी दाखवतच नाही. तिची आई पिंपळगाव बसवंतला खळ्यावर कांदा निवडायला जाते, बाप मार्केटमध्ये टोमॅटोचे क्रेट उचलतो. घरून काय उत्तर येणार, हे तिला न विचारताच ठाऊक असते. प्रस्तुत लेखकानेही एकेकाळी अशीच एक चिठ्ठी दप्तरात दडवून ठेवली होती. म्हणून हा विषय लिहावासा वाटला.

मुलांनी दिल्ली पाहावी का? जरूर पाहावी. देशाचा कारभार कुठून आणि कसा चालतो हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि डोळ्यांनी पाहणे वेगळे. पण या सहलींबाबत दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. एक, गाडीत कोण बसते आणि कोण मागे राहते? दुसरा, जे जातात ते काय पाहून येतात?

आधी दुसरा प्रश्न घेऊ. बहुतेक सहली इमारती दाखवतात. मुले संसदेसमोर फोटो काढतात, मार्गदर्शक उंची-रुंदी सांगतो आणि बस ताजमहालाकडे वळते. नव्या संसद भवनाचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले, त्यातील लोकसभेच्या सभागृहात ८८८ आसने आहेत, एवढे मुलांना पाठ होते. पण आज लोकसभेत खासदार ५४३ आहेत, त्यातल्या ८४ जागा अनुसूचित जातींसाठी आणि ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आपला निफाड तालुका ज्या दिंडोरी मतदारसंघात येतो तो त्या ४७ पैकी एक आहे, हे किती जणांना सांगितले जाते? संसद पाहिली म्हणजे सरकार पाहिले, असे समजण्याचे कारण नाही.

पिंपळगावच्या मुलाला सरकार समजून घ्यायचे असेल तर पहिला धडा त्याच्या दारातच आहे. तो धडा कांद्याचा. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात थेट बंद झाली. ती उठली ४ मे २०२४ रोजी, ऐन लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत. निर्यात शुल्क पूर्णपणे जायला १ एप्रिल २०२५ उजाडले. लिलाव बंद पडला की शेतकरी अडचणीत येतो, हे वर्तमानपत्रे लिहितात. पण त्याच दिवशी हमालाची हमाली बुडते आणि खळ्यावरच्या बाईची रोजंदारी बुडते, हे कोण लिहितो? भूमिहीनाकडे थांबवून ठेवायला कांदाही नसतो.

आता हाच कांदा हातात घेऊन संविधान उघडा. सातव्या अनुसूचीत शेती हा विषय राज्याच्या सूचीत आहे. बाजारही राज्याच्या सूचीत आहे. निर्यात मात्र केंद्राच्या सूचीत, ४१ व्या नोंदीत आहे. म्हणजे कांदा शेतात आणि बाजार समितीत असेपर्यंत तो मुंबईच्या अखत्यारीत आणि जहाजात चढायचा झाला की दिल्लीच्या! निर्यातबंदीचा आदेशही संसदेने मतदान करून काढलेला नव्हता. तो काढला वाणिज्य मंत्रालयाखालील विदेश व्यापार महासंचालनालयाने, एका अधिसूचनेद्वारे. ती इमारत कोणत्या सहलीच्या यादीत आहे? कायदे करणारे विधिमंडळ आणि आदेश काढणारे कार्यकारी मंडळ यांतला फरक नागरिकशास्त्राचे शिक्षक वर्षभर शिकवतात, तो एका कांद्याने तासाभरात समजेल.

दिल्लीला प्रश्न घेऊन जाण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. ती याच मातीतली आहे. शेजारच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी १९०२ साली जन्मलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचे खंदे सहकारी होते. १९५७ साली नाशिकमधून ते लोकसभेवर निवडून गेले आणि १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. त्या सभागृहात बसूनही त्यांनी रस्ता सोडला नाही. १९६४ साली रिपब्लिकन पक्षाचा मोर्चा संसदेवर गेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद देण्यात आली. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, शेतमजुरांना किमान वेतन द्या, धर्मांतरित बौद्धांना सवलती द्या, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, या त्यातल्या काही मागण्या. त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखांवर लोक तुरुंगात गेले. त्यातले कितीतरी जण शाळेची पायरी न चढलेले होते. पण सरकार कसे चालते आणि त्याला कुठे गाठायचे, हे त्यांना पक्के समजले होते. तैलचित्राची आणि बौद्धांच्या सवलतींची मागणी पूर्ण व्हायला १९९० साल उजाडावे लागले. जमिनीचा प्रश्न अजून तसाच आहे. आज मुले सेंट्रल हॉलचे नाव ऐकतात, तेव्हा त्या चित्रामागे आपल्या जिल्ह्यातल्या भूमिहीनांचा तुरुंगवास आहे, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवे.

म्हणून सहल काढणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना काही सूचना कराव्याशा वाटतात. संसदेचे अधिवेशन चालू असताना जा. हिवाळी अधिवेशन साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात असते. १३ डिसेंबर २०२३ च्या घुसखोरीनंतर सुरक्षा कडक झाली आहे, तेव्हा प्रेक्षक सज्जाच्या पासासाठी खासदारांची शिफारस आणि ओळखपत्रे यांची तयारी खूप आधी करा. लोकसभा सचिवालयाची 'प्राइड' ही संस्था विद्यार्थ्यांच्या गटांसाठी अभ्यासभेटी घेते, तिकडे अर्ज करा. आणि मुख्य म्हणजे निघण्याच्या दोन महिने आधी वर्गात प्रश्न तयार करून घ्या. लोकसभेत सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत असतात आणि मंत्र्यांना त्यांची तोंडी उत्तरे द्यावी लागतात. खासदाराला प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. वर्गाने तयार केलेला प्रश्न आपल्या खासदारांच्या हाती द्या. कांदा निर्यातबंदीच्या काळात बुडालेल्या मजुरीची भरपाई कोणाला मिळाली, हे विचारा. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात यायला उशीर का होतो, हे विचारा. प्रश्न सभागृहात आला तर सोन्याहून पिवळे. नाही आला, तर तो का आला नाही, हाही एक धडाच.

आणि दिल्लीत गेल्यावर २६, अलीपूर रोड चुकवू नका. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण जिथे झाले, तिथे २०१८ पासून राष्ट्रीय स्मारक उभे आहे. इमारतीचा आकार उघडलेल्या संविधानाचा आहे.

आता पहिला प्रश्न. गाडीत कोण बसते? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील आणि हा विरोध फार काळ टिकला तर लोकशाहीच धोक्यात येईल. ज्या सहलीतून लोकशाही शिकवायची, तिच्याच दारात वर्गणीची पावती मागून मजुराच्या मुलीला परत पाठवायचे, हा त्याच विषमतेचा नमुना नाही काय? वर्गातली सगळी मुले जाणार नसतील तर सहलीला 'अभ्यास' हा शब्द लावू नये. तो पैसेवाल्यांचा प्रवास झाला.

पैसा कुठून आणायचा? महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचा १५ टक्के आणि जिल्हा परिषदेला २० टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावा लागतो. तो दरवर्षी कशावर खर्च होतो, याचा हिशेब वस्तीतल्या तरुणांनी मागावा आणि मुलांच्या या सहलीसाठी त्यात तरतूद बसते का, हे लेखी विचारावे. बाजार समितीने, माजी विद्यार्थ्यांनी, जयंती मंडळांनी हातभार लावावा. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च किती मुलांची तिकिटे काढील, याचा हिशेब मंडळांनी स्वतःच करावा.

मनमाडहून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. पिंपळगावची मुले त्यात बसतील तेव्हा मागच्या बाकावरची ती मुलगीही त्यांच्यात असली पाहिजे. कारण निर्यातबंदीच्या दिवशी घरात चूल कशी थंड राहते, हे वर्गात सर्वांत चांगले तिलाच ठाऊक आहे. दिल्लीला विचारायचा खरा प्रश्न तिच्याच वहीत आहे.