आवाज कुठे थांबतो?

सुरत-धुळे महामार्गावरच्या आमच्या विसरवाडीत लग्नसराई आली की रात्री बँडच्या आवाजाने जाग्या असतात. अशाच एका बँडमध्ये गिटार वाजवणारा तरुण एका दुपारी माझ्याकडे आला. "चाचा, हे वरातीत मध्येच मुके होते. परवा पुढचे लग्न आहे. पुन्हा असे झाले तर मालक दुसरा वादक घेणार." त्याच्या हातात स्वतः जुळवलेले 'वाह' पेडल होते. मी कवी माणूस. पण माझे अब्बा रेडिओ दुरुस्त करीत, हे त्याला ठाऊक होते.

पायाने सूर सांभाळणे आपल्याला नवे नाही. संगीत नाटकांतल्या ऑर्गनचा भाता पायानेच चाले. १९६६ मध्ये अमेरिकेत ब्रॅड प्लंकेट या अभियंत्याच्या प्रयोगातून वाह पेडल जन्मले, तेव्हा पहिला नमुनाही ऑर्गनचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पायपट्टीतच बसवला होता. पट्टी टाचेने आणि चवड्याने झुलवली की आतला पोटेन्शिओमीटर फिरतो आणि कधी खालचे, कधी वरचे सूर उठून येतात. आपण ओठ हळूहळू उघडत 'वाऽऽ' म्हणावे, तशी तार बोलते.

त्या तरुणाने दोन्ही ट्रान्झिस्टर बदलून पाहिले होते. दोष तसाच. अब्बांचा नियम वेगळा होता : भाग बदलण्याआधी आवाज कुठे थांबतो ते शोधा.

आम्ही आधी पेडलचा परिणाम बंद ठेवून गिटार वाजवली. आवाज स्वच्छ आला. म्हणजे गिटार, वायरी आणि अँप्लिफायर ठीक. परिणाम चालू करून पट्टी हाताने हलवली, तरीही आवाज ठीक! मग त्याला उभे राहून, वरातीत ठेवतो तसा पाय ठेवायला सांगितले. आवाज गेला. दोष पायाच्या वजनाचा होता. टेबलावर तो सापडणार कसा?

पाय तसाच ठेवून मीटरने सर्किटवरचा दाब पाहिला. नऊ व्होल्ट बरोबर होते. म्हणजे बॅटरी आणि तिच्या वायरी सुटल्या. मग झाकण काढून डबी हाताने तशीच दाबून धरली आणि बांबूच्या कोरड्या काडीने एकेक जोड हलकेच टोचत गेलो. एका जोडावर काडी टेकताच 'खर्र' झाले. त्या जोडाचे शिसे चकचकीत नव्हते, राखाडी गोळीसारखे नुसते वर बसले होते. डबी दबली की आतली पट्टी किंचित वाके आणि तार सुटे. जोड पुन्हा तापवून नवे शिसे भरले, पट्टीखाली रबराचे तुकडे ठेवले.

असे धाडस नऊ व्होल्टच्या बॅटरीवरच करावे. घरच्या विजेवर चालणारा अँप्लिफायर उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

परवाच्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी वरात ऐकत होतो. ढोल जवळ आला, मागून गिटार 'वाऽऽ' करत आली आणि वळणापलीकडे जाईपर्यंत एकदाही थांबली नाही.